घरच्या गोष्टीचा तास

पाचवी ते आठवीच्या मुलांनी इंग्रजी कसं शिकायचं, हे ठरवायचं काम शाळेने चंद्रावती घरत यांच्यावर सोपवलं, तेव्हा स्टाफरूममध्ये कुणालाच नवल वाटलं नाही. पनवेलमधल्या त्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच्या सगळ्यात जुन्या शिक्षिका त्याच होत्या. पाठ्यपुस्तक सरकारी असलं तरी ते कसं शिकवायचं, मुलांनी बोलायचं किती आणि लिहायचं किती, याचा आराखडा शाळेनेच करायचा होता.

बाईंनी तो मन लावून केला. त्यात पाचवीसाठी आठवड्यातला एक तास त्यांनी राखून ठेवला. त्या तासाला एका मुलाने उभं राहून घरातली एखादी गोष्ट सांगायची, घरी बोलतात त्याच बोलीत. मग सगळ्या वर्गाने मिळून तीच गोष्ट इंग्रजीत सांगायची.

"म्हणजे मराठीत सांगायची?" प्रिन्सिपल कारखानीस मॅडमनी विचारलं.

"मराठी, आगरी, हिंदी, घरी जे असेल ते. स्वतःचं काही सांगायचं असलं की मूल शब्द शोधतं, मॅडम. नाहीतर आपण दिलेलं वाक्य आपल्यालाच परत देतं."

कारखानीस मॅडमना ते पटलं, की त्यांचा बाईंवर भरवसा होता, कोण जाणे. त्यांनी हो म्हटलं.

हे बाईंना कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचा जन्म खाडीकाठच्या आगरी गावातला, वडील मिठागरावर कामाला. पनवेलला कॉलेजात आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांना उभं करून नाव-गाव विचारलं, तेव्हा बोलता बोलता त्या 'शाला' म्हणाल्या, 'पानी' म्हणाल्या, आणि वर्ग हसला. वाईट हेतूने नसेल, पण हसला. त्यानंतर वर्षभर चंद्रावती कॉलेजात तोंड उघडत नव्हती. घरी आरशासमोर उभी राहून 'शाळा', 'पाणी' घोकायची. आधी शुद्ध मराठी शिकली आणि मग इंग्रजी. पुढे बी.एड. झालं, नोकरी लागली, जगन घरत यांच्याशी लग्न झालं. घरात नवऱ्याशी ती आपल्या बोलीत बोलायची, पण शाळेत तिच्या तोंडून 'हाय' आणि 'नाय' कुणी कधी ऐकलं नव्हतं.

पाचवीत रिया भगत नावाची मुलगी होती. तिच्या घरच्यांचं गाव विमानतळाच्या जमिनीत गेलं होतं आणि कुटुंब करंजाड्याला राहायला आलं होतं. रिया हुशार होती, पण उत्तर येत असलं तरी मान खाली घालून बसायची. घरच्या गोष्टीच्या तासाला तिची पाळी आली तेव्हा ती फ्रॉकची किनार चिवडत उभी राहिली.

"टीचर, आमच्यातलं बोलू?"

"बोल ना."

मग तिने आजोबांची गोष्ट सांगितली. तिचे आजोबा बुधाजी ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे, धरायचे. एकदा बिळात भली मोठी चिंबोरी होती. आजोबा लोखंडी आकडी आत घालायचे, ती आकडी सोडायचीच नाय. आजोबा बी सोडंनात. भरतीचं पानी वर चढाया लागलं तरी दोगं तिथंच. रियाने हात वाकडे करून चिंबोरी दाखवली, आजोबांचा रागावलेला चेहरा दाखवला, आणि वर्ग हसून हसून आडवा झाला. यावेळी हसणं वेगळं होतं. रियाही हसत होती.

मग इंग्रजी सुरू झालं. मुलांनी शब्द ओरडून सांगितले, बाईंनी फळ्यावर लिहिले. शेवटची वाक्यं रियाने स्वतः केली, "द क्रॅब इज इन. माय ग्रँडफादर इज आउट. बोथ आर वेटिंग."

बाईंनी ती वाक्यं जशीच्या तशी फळ्यावर लिहिली. इतकं नेमकं इंग्रजी आठवीतही त्यांनी फार कमी ऐकलं होतं.

त्या तासाचं मोबाइलवर चित्रण केलं होतं वर्गात मागे बसलेल्या समृद्धी म्हात्रे या नव्या शिक्षिकेने. तिला ते इतकं आवडलं की तिने रियाची गोष्ट पालकांच्या ग्रुपवर टाकली, फक्त सुरुवातीचा भाग, इंग्रजीच्या आधीचा. तासाभरात कुणीतरी खाली लिहिलं, 'इंग्लिश मीडियममध्ये आगरी शिकवतात वाटतं!' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी रियाचे वडील परेश भगत थेट स्टाफरूमच्या दारात आले. विमानतळाच्या कामावर त्यांचे डंपर चालायचे. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, पण आवाज मात्र दबलेला.

"मॅडम, तुमी आपल्यातल्या हाव म्हनून बोलतो. आमची भाषा आमी घरी बोलू. शालंत कशाला?"

"परेशभाऊ, ती त्या भाषेतूनच इंग्रजीकडे जाते आहे. पुढचं तुम्ही पाहिलंच नाही."

"लोकांनी जे बघाचं ते बघितलं." ते खुर्चीत बसले. "तुमाला सांगतो, साइटवर मीटिंग असते. इंजिनियर लोक इंग्लिशमधून बोलतात, हसतात. मी पन हसतो. कशाला हसलो ते मना म्हायती नसतं. माझ्या पोरीला तसं हसाचं नाय."

हा माणूस चुकीचं काहीच बोलत नव्हता. बाईंना मनापासून वाईट वाटलं आणि त्या भरात त्या म्हणाल्या, "मग तुम्हीही या ना. संध्याकाळी मी तुम्हाला शिकवीन."

समोर बसलेल्या दोन तरुण शिक्षिकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने ओठ आवळले. परेशच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"म्हंजे मी आता पोरीच्या बाकावर बसू?" ते उठले आणि चालते झाले.

बाई त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेल्या, पण हाक मारली नाही. 'अरं परेश, घरी ये, बसू आपन,' एवढं आपल्या बोलीत म्हटलं असतं तर तो थांबला असता, हे त्यांना तिथेच कळलं. वाक्य ओठांवर आलंही होतं. स्टाफरूमचं दार उघडं होतं आणि आत त्या दोघी ऐकत होत्या, म्हणून त्या गप्प राहिल्या.

त्यानंतर परेश भगत संस्थेच्या लोकांना भेटले. आणखी काही पालक त्यांच्या बाजूने बोलले. संस्थेपुढे तेव्हाच एका कंपनीचा तयार अभ्यासक्रम आला होता. त्यात प्रत्येक पाठात शिक्षकाने काय बोलायचं ते छापलेलं आणि मुलांचे उच्चार टॅबवर तपासायची सोय. उच्चार बरोबर आला की हिरवा दिवा, चुकला की लाल. कारखानीस मॅडमनी बाईंना बोलावून घेतलं.

"तो एक तास काढून टाका. बोलण्यासाठी त्यांचा टॅब घेऊ, बाकी तुमचा आराखडा मी वाचवते. अडून बसलात तर सगळंच बाहेरचं येईल."

बाईंनी तास काढून टाकला. घरी आल्यावर जगनला सांगितलं.

"तूच काढलास?" जगनने विचारलं.

"मीच. दुसऱ्या कोनी काढला असता तं बाकीचं पन गेलं असतं."

"मंग बरोबर केलास."

"म्हायती नाय," बाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

वर्षअखेरीपर्यंत रियाचे सगळे दिवे हिरवे झाले होते. ती ताठ उभी राहून, 'माय फॅमिली इज अ हॅपी फॅमिली,' म्हणायची, एकही उच्चार न चुकता. एकदा बाईंनी सहज विचारलं, "रिया, काल रविवारी काय केलंस? टेल मी." रियाने डोळे वर करून पाठ केलेलं काही आठवतं का पाहिलं. मग म्हणाली, "टीचर, हे सिलॅबसमध्ये नाही."

निकालाच्या दिवशी परेश पेढे घेऊन आले. मनात काही धरलेलं दिसलं नाही. "मॅडम, पोरगी फाडफाड बोलते," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद इतका खरा होता की बाईंच्या मनात होतं ते मनातच राहिलं. पोरगी बोलते, पण आता तिला काही सांगायचं नसतं, हे त्यांना म्हणायचं होतं. त्यांनी पेढा घेतला. मग परेश म्हणाले, "जूनपासून उलव्याच्या नव्या शाळेत टाकतोय तिला. मोठी शाला हाय."

त्या दुपारी बाई कारखानीस मॅडमकडे गेल्या. तक्रार करणारे पालकच आता निघालेत, तर तो तास परत घेऊ या, म्हणाल्या. मॅडमनी खिडकीबाहेर पाहत उत्तर दिलं, "आता वेळापत्रक छापून झालंय, घरतबाई. पुढच्या वर्षी पाहू." त्या असं म्हणतात तेव्हा ते पुढचं वर्ष कधीच येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

समृद्धीने त्यांना विचारलं, तुम्ही भांडला का नाहीत. बाई म्हणाल्या, "कुणाशी भांडू? परेशशी? त्याच्या जागी माझे वडील असते तर तेही हेच बोलले असते."

नोकरी सोडायचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, पण सोडली नाही. जूनमध्ये पाचवीचा नवा वर्ग आला. बाई टॅब समोर धरून वाक्य वाचतात, मुलं एका सुरात म्हणतात. छान म्हणतात. कुणाचीच तक्रार नाही. तास संपला तरी बाई थोडा वेळ टेबलाशीच रेंगाळतात, कुणी काही विचारायला येतंय का पाहत. मुलं 'थँक यू टीचर' म्हणतात आणि डबे घेऊन मैदानाकडे पळतात.