काकाने वाघोबा कुठं टाकला

माझा स्वभाव मेला संशयी. त्यापायी सख्ख्या काकाशी मी सात वर्षं वाकडं धरलं.

वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. काकाच्या वाट्याच्या माळावर वाघोबाचं ठाणं होतं. चार खांब, वर कौलं, आत वाघ कोरलेला शेंदरी दगड. दिवाळीआधी वाघबारशीला सगळी वाडी तिथं खीर ठेवायची, की बाबा, आमच्या गुरांना हात लावू नको. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल, काकी फार आजारी पडली. मुरबाडहून प्रार्थनेवाले यायचे, त्यांनी तिची सेवा केली, ती उठून बसली, आणि काका त्यांच्यात गेला. उन्हाळ्यात त्याने ठाण्याला भिंती घातल्या, चुना मारला, दारावर क्रूस ठोकला. रविवारची गाणी सुरू झाली. दगड मात्र गायब!

"काका, आमचा देव कुठं टाकलास?" मी भर वाटेत विचारलं.

"टाकला नाय गो," एवढंच बोलला आणि मान खाली घालून गेला.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! त्या दाराला नवी पायरी बसवली होती. दगड तिच्याखालीच पुरला असणार, येणाऱ्या-जाणाऱ्याने तुडवावा म्हणून. एका दुपारी पहार घेऊन मी पायरी उचकटली. खाली नुसता मुरूम. मग म्हटलं, नदीत फेकला असेल.

त्या साली बिबट्याने आमची कालवड नेली. मी काकाच्या दारात उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या पिढ्या माझ्याही होत्या, हे रागात कुठलं सुचायला! बा नुसता म्हणाला, "पुरे कर गो." मला त्याचीही चीड आली. याच्या अंगात रक्त आहे का पाणी?

वर काका दर वाघबारशीला आमच्याकडे हजर. ओटीवर टेकायचा नाही, सरळ आत जाऊन भाताच्या कणगीला पाठ लावून बसायचा आणि पाणी मागायचा. हा माझ्या बाला त्याच्या प्रार्थनेवाल्यांत ओढायला आलाय, अशी माझी खात्री. मी समोरून हलायचेच नाही. शेवटच्या वर्षी तर म्हटलं, "पाणी तुझ्या लोकांत जाऊन पी." तो उठला, बाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. पुढच्या आषाढात वारला.

त्याला माती देऊन आलो, तेव्हा बा म्हणाला, "जरा कणगी सरकव."

आषाढातली कणगी, रिकामीच होती. मागे कोपऱ्यात लाल फडक्यात दगड. वाघ कोरलेला, शेंदूर ताजा.

"त्यानंच आणून दिला. म्हणला, मला आता पुजता येत नाय, फेकवत पण नाय, तू ठेव. त्याच्या लोकांना कळू नये म्हणून आण घातली होती मला."

"आणि मी शिव्या देत होते तेव्हा?"

"तेव्हा पण म्हणला, बोलू दे तिला."

"मग वाघबारशीला यायचा तो..."

"देवाला भेटायला. तेवढा एकच दिवस."

मी त्याला पाणीसुद्धा दिलं नव्हतं.