पयलो विषय कोणाचो?

"पयलो विषय कोणाचो?" हे विचारल्याशिवाय आमचे तांडेल, म्हणजे मासेमारीच्या टोळीचे म्होरके, कुठल्याच बैठकीत बसत नसत. खुर्चीची पाठ धरून उभे राहायचे. उत्तर पटलं नाही तर बैठक संपेपर्यंत उभेच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा रागही येतो आणि ती नसली की बैठकीला अर्थ वाटत नाही.

मी जालन्याकडचा. सातवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढायला लागलो. रापण म्हणजे होडीने समुद्रात सोडायचं आणि दोन्ही टोकांनी माणसांनी वाळूवर ओढून घ्यायचं मोठं जाळं. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदाच पाहत होतो. तांडेलांनी माझ्या हातात दोर दिला आणि म्हणाले, "मधी धर. कडेचो मनीस पयलो थकता." तेव्हापासून मी मधेच आहे. त्यांनी मला कुठून आलास एवढंच विचारलं, का आलास ते कधीच नाही.

मग परदेशातल्या बोलण्यांची बातमी आली. कुठल्या देशाने आपल्या मच्छीमारांना किती सवलत द्यायची, यावर देशादेशांची व्यापाराची बोलणी होणार होती. त्यांत कोणता विषय आधी घ्यायचा यावरच भांडण होतं. मच्छीमारांचं म्हणणं ऐकायला एक सरकारी साहेब आमच्या मच्छीमार सोसायटीत आले. त्यांच्या कागदावर पहिला विषय होता छोट्या होड्यांची इंधन सवलत ठेवायची की काढायची, आणि शेवटचा खोल समुद्रातली परदेशी जहाजं.

आमच्या होडीची सवलत गेली तर रापण बंद पडणार होती. मला परत जायला घर होतं, पण घरी काम नव्हतं. मी भिंतीला टेकून उभा होतो.

तांडेल साहेबांना म्हणाले, "मोठ्यांचो विषय येयपर्यंत चाय येता, आणि सगळे उठतत."

साहेब हसले, पण क्रम वरून आलाय म्हणाले. बैठकीला आलेले ट्रॉलरवाल्यांचे, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटीवाल्यांचे, पुढारी म्हणाले, क्रम राहू दे, फक्त पहिल्या विषयात आमच्या डिझेलची सवलतही वाचवा. आवाज चढले. कुणीतरी खुर्ची सरकवली. तेवढ्यात एका म्हाताऱ्याला आठवलं की गाऱ्हाणं राहिलंच. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काम सुरू होत नाही. एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय' म्हणायचं; आणि ते घालणार तांडेलच. साहेबांनीही बूट काढले.

"देवा म्हाराजा, आज ही तुझी पोरां एक झाली आसत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"खोल दर्यात जी मोठी जहाजां मासळी खरवडून नेतत, तेंचो विषय पयलो होवंदे."

"व्हय म्हाराजा." यात पुढाऱ्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"तांडेलानू, गाऱ्हाण्यात विषय घुसवलात?"

"देवाक व्हय म्हटलंस मां? आता साहेबांक नाय म्हणान सांग."

कोणी हसलं नाही. पुढारी हळू आवाजात म्हणाले, "डिझेलचो विषय मागे रवान माझ्या बोटीवरची पोरां घराक बसली तर तेंका तुमी खाऊक घालशात?"

तांडेल पायाचा अंगठा फरशीवर ओढत होते, वाळूत रेघ मारावी तसा. मग त्यांनी पुन्हा हात जोडले.

"देवा म्हाराजा, दुसरो विषय ह्या पोरांचो होवंदे. ती पण आमचीच."

आम्ही सगळे "व्हय" म्हणालो. पुढारी सगळ्यांच्या मागून म्हणाले. साहेबांनी तसं लिहून घेतलं. वर कोण वाचेल ते सांगता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तांडेल त्यानंतर खुर्चीवर बसले.

ती बोलणी अजून अडलेली आहेत. आधी काय बोलायचं यावरच अडलीत, असं मोबाइलवर ऐकलं. तांडेलांना हे सांगायचं राहून गेलं. पावसाळ्यातच ते गेले.

यंदा हंगामाच्या पहिल्या दिवशी वाळूवर नव्या तांडेलाने गाऱ्हाणं सुरू केलं. पहिलं वाक्य झालं आणि आमच्यातल्या कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. आम्ही सगळे जुन्या तांडेलांच्या जागेकडे बघत होतो. मी मधे दोर धरून उभा होतो. सवलत अजून आहे, पण उद्याचं कोणी सांगत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

वळून पाहिलं. ट्रॉलरवाल्यांचे पुढारी चपला हातात घेऊन वाळूत उभे होते.

मग आम्हीही म्हणालो.