भ ला दुसरी

फतेगंजमधल्या बेकिंगच्या क्लासला मी तीन महिने जात होते आणि तोवर कुणी विचारल्याशिवाय एक शब्दही बोलले नव्हते. शहर गुजरातेतलं, आमच्या मॅडमही गुजराती. हातात काही देण्याआधी त्या जुन्या गोष्टी सांगायच्या: सुरतेतल्या डच लोकांच्या भट्ट्या पुढे पारशी कारागिरांनी कशा चालवल्या, त्यातून नानखटाई कशी आली. केकवर नावं घालणाऱ्या जुन्या कारागिरांपैकी कित्येकांना वाचता येत नसे म्हणे. चिठ्ठीवरचं अक्षर ते चित्रासारखं उतरवायचे. मला ते कारागीर फार जवळचे वाटले.

मग पंचाहत्तरीच्या केकची ऑर्डर आली. मॅडम म्हणाल्या, "तू तो मराठी छे. तू ज लख." म्हणजे केकवर लिहायचं मीच.

मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजी लिपीत आला होता. म्हणजे उतरवायला चित्रच नाही. 'अभीष्टचिंतन' मी घरी ऐकलेलं, लिहिलेलं कधीच नाही. भि की भी? फोनवर शोधलं तर लोकांनी दोन्ही बिनधास्त लिहिलेलं. आणि केक एका निवृत्त मराठी शिक्षिकेसाठी होता.

बाबांना विचारायची भीती वाटत होती. मागे मी यादीत 'दुध' लिहिलं, तर त्यांनी तो कागद आठवडाभर फ्रिजवर लावून ठेवला होता. शेवटी जिन्यात जाऊन फोन केला.

"भ ला दुसरी," ते म्हणाले. "थांब, बघून सांगतो." कपाट उघडल्याचा, मग शब्दकोशाची पानं उलटल्याचा आवाज आला. "दुसरीच."

ते हसले नाहीत, त्यामुळे मी जास्तच घाबरले.

आधी अक्षरं काढली, मग वरची रेघ. गुजरातीत ती नसतेच, म्हणून क्लासमध्ये कुणी शिकवली नव्हती. क्रीम भरलेला कागदी कोन दाबत एका दमात ओढायची. 'ष्ट'वर रेघ झुकली.

संध्याकाळी त्या बाईंचा मुलगा आला. खोक्यात वाकून बराच वेळ बघत राहिला.

"ही वेलांटी पहिली हवी ना? आई आधी तेच बघणार."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या.

"दुसरी," मी म्हणाले. आवाज मलाच मोठा वाटला.

"नक्की?"

"नक्की. बाबांनी बघितलंय."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा केककडे पाहिलं आणि झाकण लावलं. झुकलेली रेघ तशीच आत गेली.