साडेचारची घंटा

"होल्ड कर," असं म्हणून काकू डाव्या हाताचा तळवा वर करायच्या. समोर दूधवाला असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो किंवा कणीक मळणारी मी, त्यानं गप्प उभं राहायचं. हातातलं काम संपलं की तळवा खाली यायचा. "हं, बोल आता." तेवढ्यात कोणी निघून गेलं तर त्यांना राग यायचा. "लाइन सोडायची नसते," म्हणायच्या.

सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं टेलिफोनचा बोर्ड सांभाळला होता. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर इंदिरानगरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहायच्या. मी रोज दुपारी चारला त्यांच्याकडे पोळ्याभाजी करायला जायची. अशी अकरा वर्षं मी जात होते.

तुम्ही इंदिरानगरात राहत असाल तर त्यांना पाहिलं असणार. सकाळची गर्दी घरी गेल्यावर, उन्हं चढल्यावर, जॉगिंग ट्रॅकवर स्कार्फ बांधून एकटी चालणारी बाई. त्याच आमच्या काकू. दिवाळीचा चिवडासुद्धा त्या दिवाळी संपल्यावर आणायच्या. "आज दुकानदार बोलतो तरी. धनत्रयोदशीला त्याला मान वर करायला फुरसत असते का?" देवळात सणावाराला कधी गेल्या नाहीत. मध्येच एखाद्या मंगळवारी दुपारी जायच्या आणि म्हणायच्या, "आज देवही जरा मोकळा होता."

त्यांच्या कारखान्यात जर्मनीहून यंत्रं यायची. ती बनवणारा कारखाना तिकडच्या एका खेड्यात होता. काकू तिकडे फोन लावायच्या, तिकडची बाई "मोमेंट बिट्टे" म्हणायची, म्हणजे होल्ड करा, आणि साहेबाला शोधायला जायची. त्या मधल्या वेळात काकूंना फोनमध्ये घंटा ऐकू यायची. चर्चची. थंडीच्या दिवसांत बरोबर साडेचारला. तेव्हा तिकडे दुपारचे बारा वाजलेले असायचे. काकू साडेचारचा फोन मुद्दाम स्वतः लावायच्या. "साहेब सापडू नये असं वाटायचं गं," असं मला सांगायच्या. तिशीतली मुलगी बोलावी तशा सांगायच्या. तेव्हा त्या सत्तरीला आल्या होत्या.

निवृत्त झाल्यावर त्या ती घंटा बघायला गेल्या. जानेवारीत, एकट्या. तिकिटं काढून देणारा हसला होता. "मॅडम, मे-जूनमध्ये जा. ऑफ सीझनला तिथं काही नसतं."

"काही नसतं तेच बघायचंय," काकू म्हणाल्या.

हे मला सांगितलं तेव्हा मला ऑफ सीझनला फिरायला जाणं म्हणजे काय ते कळेना. आम्ही पेठ तालुक्यातले. भात निघाला की आईबापांबरोबर दिंडोरीच्या द्राक्षबागांत यायचो. आमच्यात सीझन म्हणजे द्राक्षाचा. सीझनला शाळा बुडायची, अशी बुडत बुडत चौथीलाच संपली. सीझन संपला की भांडी बांधायची आणि आपल्या डोंगरात परत. म्हणून मी म्हटलं, "काकू, बिगर सीझनला तर घरी जायचं असतं. फिरायला कोण जातं?"

काकूंनी तळवा वर केला. बराच वेळ खाली आणलाच नाही. मग म्हणाल्या, "तेच म्हणते मी. मी घरीच गेल्यासारखी गेले."

त्या त्याच खेड्यातल्या एका सरायीत उतरल्या होत्या. सहा खोल्या, पाच रिकाम्या. मालकीण एकटीच. ती जेवायला वेगळं टेबल मांडायची नाही, स्वयंपाकघरात शेगडीजवळ आपल्याबरोबर बसवायची आणि सूप वाढायची. बसचा ड्रायव्हर दुसऱ्या दिवसापासून काकू दिसेपर्यंत बस हलवायचा नाही. चर्चच्या म्हाताऱ्यानं कुलूप काढून जिना दाखवला. वर घंटेपाशी नेलं. "मे महिन्यात गेले असते तर मी गिऱ्हाईक झाले असते," काकू म्हणायच्या. "जानेवारीत पाहुणी झाले. त्यांना वेळ होता, मलाही होता. रस्त्यावर आवाज नाही. नदीवर धुकं. आणि घंटा, यमुना, घंटा पार शेवटापर्यंत ऐकू येते. थांबल्यावरही येत राहते."

मी पोळी तव्यावर विसरायची.

तिथला एक फोटो त्यांनी हॉलमध्ये लावला होता. उतरणीवर द्राक्षाची बाग, पानं झडलेली, सगळं राखाडी. काकू त्याला "माझा रिकामा फोटो" म्हणायच्या. एकदा धूळ पुसताना मी तो नीट पाहिला.

"काकू, इथं छाटणी चाललीये."

"छे गं. तिथं कोणी नाहीये."

"ही बघा. कोपऱ्यात बाई हाय, कात्री घेऊन."

"होल्ड कर," म्हणून त्या चष्मा आणायला गेल्या. फोटो उजेडात धरला. मग खुर्चीत बसल्या. लाल टोपी घातलेली, बोटाच्या पेराएवढी बाई. ती त्यांची सरायीची मालकीण होती.

"रोज दुपारी नाहीशी व्हायची," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, बाजारात जाते. मी तिच्या हातचं सूप प्यायले, आणि ती कुठून येऊन सूप करते ते विचारलंसुद्धा नाही."

मी अजून फोटोतच होते. आपल्याकडे वेल मांडवावर पसरतात. त्या बाईनं एका वेलाला एकच लांब काडी ठेवली होती आणि ती गोल वाकवून खाली बांधली होती, कमानीसारखी. रांगेनं तशा कमानीच कमानी. काडी थंडीत किती कडक असते ते माझ्या बोटांना ठाऊक आहे. जरा वाकवली की कट् होते, आणि मुकादमाच्या शिव्या.

"हिची काडी मोडत कशी नाही?" मी म्हटलं.

"मला काय माहीत?"

"फोनवर विचाराल का तिला?"

"अजिबात नाही. जन्मभर फोनवरच विचारलं सगळं." काकूंनी फोटो परत भिंतीला लावला. "समोर जाऊन विचारायचं. आणि मी नाही, तू विचारायचंस. पासपोर्ट काढ."

मला वाटलं, थट्टा आहे. पण काकूंचे गुडघे दुखत होते, सोबत हवीच होती, आणि त्यांचं बोलणं एकदा लागलं की लागलं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला. "कुठं कामाला चाललात?" त्यानं विचारलं.

"काम नाही. बघायला."

"काय बघायला?"

"छाटणी," मी म्हटलं. तो लिहायचा थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

आमच्या घरी यांनी ते ऐकलं आणि दोन दिवस हसत होते. "लोक म्हणतील, काकूंनी पोळ्या लाटायला विमानानं बाई नेली." मी काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, तिथं ही लाटणार नाही. तिथं दुसरी बाई करणार आणि ही बसून खाणार."

त्यानंतर रोज साडेचारला चहा घेताना शिकवणी. काकूंची जर्मन फोनवर ऐकून ऐकून कामापुरती झालेली. त्यांनी माझ्या वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, 'ब्रिष्ट दी रूटे निष्ट?' काडी मोडत नाही का? मी पोळ्यांच्या तालावर म्हणायची. लाटणं पुढं, ब्रिष्ट. मागं, निष्ट. काकू हॉलमधून ओरडायच्या, "निष्ट! निश नाही. ट कुठं सांडला?"

पासपोर्ट आला. माझा फोटो त्यात घाबरलेला आहे. काकूंनी जानेवारी ठरवला. आमच्याकडे बागा ऐन भरात असतात तेव्हा तिकडे काड्या उघड्या असतात, हे त्यांना फार आवडलं होतं. "तुझ्या सीझनला आपण बिगर सीझन बघू."

आणि नोव्हेंबरात मी म्हटलं, "काकू, यंदा नको. पोरीचं बाळंतपण आहे."

बाळंतपण होतं, खोटं नव्हतं. पण तिची सासू सगळं करणार होती. खरं कारण कोणालाच सांगितलं नाही, इथं लिहिते. मला विमानाची भीती नव्हती. मला त्या शेगडीजवळ बसायची भीती वाटली. कोणी वाढतंय आणि मी खातेय, हात कुठं ठेवायचे तेच कळलं नसतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. बोर्डावर बसलेल्या माणसाला आवाजातलं कळतं. पण त्यांनी फक्त तळवा वर केला. "होल्ड करू. पुढच्या जानेवारीत."

पुढच्या नोव्हेंबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळ्या जगाशी बोललेली बाई. पुण्याहून त्यांचा भाचा आला, तो रजा टाकून राहिला. मी दोन्ही वेळा जायला लागले. पेज भरवताना मी एकदा न राहवून म्हटलं, "काकू, मी येते. खरंच येते यंदा. बसून खाईन." त्यांनी डावा हात गादीवरून हळूहळू उचलला, तळवा माझ्याकडे केला. तेवढंच. मी चमचा तसाच धरून बसले. तो हात मग आपोआप खाली गेला.

डिसेंबर संपायच्या आत त्या गेल्या.

जानेवारीत भाचा घर आवरायला आला. कपाटं रिकामी करत होता, मी भांडी बांधत होते. डायरीत त्याला सरायीचा नंबर सापडला. "मावशीनं यंदाही खोली सांगून ठेवली असेल, त्यांना कळवायला हवं," म्हणाला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. पलीकडून बाईचा आवाज आला. त्यानं इंग्रजीत काकूंचं नाव घेतलं, त्या गेल्याचं सावकाश, दोनदा सांगितलं. मग ती म्हणाली, "मोमेंट बिट्टे." आवाज भरलेला होता. फोन कुठेतरी ठेवल्याचं ऐकू आलं.

आणि घंटा सुरू झाली.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही. मला माहीत होतं.

भाच्याला वाटलं, लाइन गेली. तो बोट पुढं करणार, तेवढ्यात माझा हात वर झाला होता. "होल्ड करा," मी म्हटलं. मी आयुष्यात कोणाला असं सांगितलेलं नाही. तो थांबला. आम्ही दोघं उभे होतो, घंटा वाजत होती आणि थांबल्यावरही येत राहिली. काकूंनी सांगितलं होतं अगदी तशी.

पावलं आली. ती बाई नाक ओढत परत काहीतरी म्हणाली. मी फोनजवळ वाकले आणि म्हटलं, "ब्रिष्ट दी रूटे निष्ट?"

ती एकदम हसली, रडता रडता हसतात तसं, आणि बोलायला लागली. भराभर बोलली, मग बहुतेक माझ्यासाठी सावकाश बोलली. बराच वेळ. सगळं सांगत होती, काडीचं, थंडीचं, कदाचित काकूंचंही. मी मान हलवत ऐकत होते.

भाचा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. आम्हा दोघांनाही एक अक्षर कळत नव्हतं. मी सवयीनं खुर्चीकडे वळले, काय म्हणते ती, असं काकूंना विचारायला.