आठशे मीटरचं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही असा तिचा समज आहे. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही धड माहीत नाही.

तसं माझं छान चाललंय. नाशिकला घर आहे, कॉलेजात शिकवतो, दुपारची झोप चुकवत नाही. तरुणपणी सहा महिने समुद्र-संशोधनाच्या जहाजावर कामाला होतो, ते तर कुणी न विचारताही सांगतो. गंगापूर धरणापलीकडे पाणी न पाहिलेला माणूस मी — फार सुखाचे दिवस होते ते. मग दरवेळी शेवटचा दिवस का गाळतो?

त्या दिवशी शेवटचे नमुने घ्यायचे होते. तारेवरून मोठ्या बाटल्या खोल सोडायच्या, प्रत्येक बाटली आपापल्या ठरलेल्या खोलीवर बंद व्हायची, वर आल्या की त्यांतलं पाणी छोट्या बाटल्यांत भरायचं — हे माझं काम. सुषमा ते पाणी तपासायची. घोटीची मुलगी, पीएच.डी. करत होती, मी नाशिकचा, म्हणून मला दादा म्हणायची.

आठशे मीटरची बाटली रिकामी आली. तिचं तोंड बंदच झालं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळं पुन्हा सोडावं लागलं असतं — दोन तास. सगळ्यांच्या बॅगा भरून झाल्या होत्या, माझीही. आणि मी — मी हजार मीटरचंच पाणी आठशेच्या छोट्या बाटलीतही भरलं. चिठ्ठ्या चिकटवल्या. जेवायला गेलो. खीर होती, दोनदा घेतली.

दोन्हींचे आकडे सारखे आले. सफरीचे प्रमुख होते त्या सरांनी सगळ्यांसमोर तिला झापलं, एकच बाटली दोनदा तपासलीस म्हणून. "नाही सर, चिठ्ठी बघूनच घेतली होती," एवढंच ती म्हणाली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? पुढच्या सफरीला तिला घेतलं नाही. पुढे तिने पीएच.डी.च सोडली. "माझंच लक्ष नसेल, दादा," असं फोनवर म्हणाली, आणि मी — मी तिची समजूत काढली. "होतं गं असं," म्हणालो.

गेल्या महिन्यात तिने मला तिच्या शाळेत बोलावलं. घोटीलाच विज्ञान शिकवते. मजेत आहे, मुलं जीव टाकतात तिच्यावर. मी जहाजाच्या गमती सांगितल्या. "सर, खालचं पाणी लय गार राहतं का?" एका मुलीने विचारलं. मी सांगितलं, अगदी रंगून.

मग सुषमा मुलांना म्हणाली, "मी एकदा एकच बाटली दोनदा तपासली होती. चूक झाली की कबूल करायची, लाजायचं नाही. काय, दादा?"

 मी मान डोलावली. मुलांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या.