घर क्रमांक भरणे आवश्यक आहे

"फक्त दोन शब्द?" वसतिगृहाच्या मॅडमनी फॉर्मचा छापील कागद वर धरला अन् मागच्या रांगेले दाखवला. "वसतिगृहात का राहायचं आहे, ते लिहायला वीस ओळींची जागा दिली होती आम्ही. हिनं लिहिलंय, 'शिकायचं आहे.' संपलं!"

हॉल हसला. पोरींचे बाप हसले, आया हसल्या.

समोर उभी होती ती पूनम. माझी लहान बहीण. अकोल्याहून सकाळच्या एसटीनं अमरावतीले आली होती. ओढणीचं टोक बोटाले गुंडाळून राहिली होती. अन् मी तिच्यापासून चार पावलांवर, मॅडमच्या टेबलाच्या टोकाले. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, समोर लॅपटॉप. या वसतिगृहाचा ऑनलाइन फॉर्म आमच्या कंपनीनं बनवला होता, म्हणून मले बसवलं होतं. कोण्या पोरीची माहिती उघडली नाही तर उघडून द्यायले.

"अन् हा घर क्रमांक बारा. घरपट्टीची पावती कुठाय?"

"नाई मॅडम. आमच्या घराले नंबरच नाई."

"मग बारा कुठून आला? पहिल्याच ओळीत खोटं! बाजूला हो."

पूनमनं माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं.

बारा माझ्याकडून आला होता.

आमचं घर अकोल्याच्या बाहेर, फुलांच्या वावरात. बाबा शेवंती अन् झेंडू लावतात. घराले नंबर कोणी दिला नाही, आमी मागितला नाही. नाल्याच्या पुलाजवळ, शेवंतीवाल्याचं घर. एवढ्यावर पोस्टमन बरोबर येते.

त्या फॉर्मचा प्रोग्राम मीच लिहिला होता, अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या ऑफिसात. घर क्रमांक रिकामा सोडला की वर लाल अक्षरांत ओळ यायची: घर क्रमांक भरणे आवश्यक आहे. अन् बाकी भरलेलं सगळं जायचं. कोरा फॉर्म पुन्हा समोर. मले खटकलं होतं. पुण्याहून आलेले आमचे सर, त्याईले मी विचारलं, "सर, ज्यांच्या घराले नंबर नाही त्यांचं काय? अन् चूक झाली तर बाकीचं लिहिलेलं तसंच परत दाखवू ना. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

सरांनी खुर्ची वळवली. "घराले!" ते म्हणाले. "ज्यांच्या 'घराले' नंबर नाही, ते वेबसाइटवर काय करतायत? भरतील पुन्हा. रिकामेच असतात."

सगळं ऑफिस हसलं. मीही हसली.

सरांचं सोडा. मी काहून हसली? माझंच घर होतं ना ते! बाबांनी त्याच घरातून फुलं विकून मले इथवर शिकवलं होतं, अन् मी दात काढले. आजही आठवलं की कानशिलं तापतात. त्या दिवसापासून ऑफिसात मी 'घराला' म्हणायले लागली, तोंड सांभाळून सांभाळून.

मग एका दुपारी पूनमचा फोन आला. आमच्या वावरात रेंज फक्त विहिरीजवळ येते. तिथं उन्हात उभी राहून मोबाइलवर फॉर्म भरून राहिली होती.

"ताई, तीनदा भरलं वं. तीनदा सगळं पुसल्या गेलं. आज शेवटची तारीख हाय."

"लाल काय येते?"

"घर क्रमांक."

सर समोरच बसले होते. हे माझं घर आहे, असं त्यांच्यासमोर फोनवर बोलायची मले लाज वाटली. हळूच म्हटलं, "टाक न काहीही. बारा टाक."

चौथ्यांदा भरताना तिनं बारा टाकला. अन् खाली दोनच शब्द. तीनदा जीव लावून लिहिलेलं चौथ्यांदा कोण लिहिते?

हॉलमध्ये मॅडमनी पुढच्या पोरीले हाक मारली. पूनम भिंतीले टेकून उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर मले जरा सोपं गेलं असतं.

मी उठली.

"मॅडम, बारा मी सांगितला. नंबर नसला तर फॉर्म पुढेच जात नाई, तो नियम मी लिहिला. अन् तिनं तीन वेळा पूर्ण उत्तर लिहिलं होतं. ते माह्या फॉर्मनं पुसलं. माही बहीण हाय ही."

मॅडमनी चष्मा काढला. "हे आधी सांगायचं होतं," म्हणाल्या, अन् पूनमचं नाव प्रतीक्षा यादीत टाकलं. जागा नाही, नुसतं यादीत नाव.

बसस्टँडवर मी तिले विचारलं, "पहिल्यांदा काय लिहिलं होतं वं तू?"

"लय लिहिलं होतं." तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. "आता नाई आठवत, ताई."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेली अन् पहिलं काम तेच केलं. पुढच्या वर्षीच्या पोरींसाठी फॉर्ममधली घर क्रमांकाची सक्ती काढली. चूक झाली तरी लिहिलेलं जसंच्या तसं परत दिसेल, असं केलं. अर्धा दिवसही लागला नाही.

"कुणाला विचारून?" सर म्हणाले.

"कोणालेच नाही."

"आधी होतं तसं कर. नोकरी हवी आहे ना?"

"नोकरी पाह्यजे सर. पण तसं नाई करत. ज्याईच्या घराले नंबर नाई, त्याईच्यातलीच मी."

यावेळी कोणी हसलं नाही.

अजून काढलं नाही मले. काढतील तर काढतील. पूनमनं लिहिलेलं माझ्या हातानं गेलं, ते आता तिलेही आठवत नाही. दुसऱ्या कोण्या पोरीचं माझ्या हातानं जाणार नाही.