वसंताची पिझ्झाभट्टी

"वसंताची भट्टी आता बंदच होणार, त्याला म्हणं..." दळणाच्या रांगेत एवढंच कानावर आलं आणि गिरणी सुरू झाली! पुढचं सगळं घरघरीत गेलं.

वसंता म्हणजे दहिवलीतला माझा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. पंधरा दिवस लेकीकडे राहून मी कालच परतलेले. त्याच्या पिझ्झाचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत की एक काढला की चार बाहेर पडतात. भट्टी बंद झाली तर नुसते किस्सेच खायचे का?

*

वसंता रसायनीला एका कंपनीत बॉयलरवर होता. ती नोकरी गेली आणि त्याने अंगणात विटा-मातीची भट्टी बांधली. आई कडाडली, "बॉयलर सुटला, आता घर पेटव!"

पहिला पिझ्झा तिलाच दिला. म्हातारीने वाकडं तोंड करून खाल्ला, बोटं चाटली. "भाकरी बरी हाय. दुसरी टाक!"

*

तिथे नंबर नाही, टोकन नाही. गिऱ्हाइकाचं गाव हेच त्याचं नाव. वसंताची बायको मीना हाक मारते, "चौकवाले, तुमचा झाला!"

एकदा त्या हाकेला चौक गावचे दोघे उठले. सख्खे भाऊ, बांधावरून तीन वर्षं अबोला! मीना म्हणाली, "एकच झालाय. बसा एका टेबलाला."

बसले. बोलले नाहीत. पण धाकट्याने मिरचीची वाटी थोरल्याकडे सरकवली. मी स्वतः पाहिलं!

*

थंडीत वालाच्या दाण्यांचा पोपटी पिझ्झा असतो, मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावतात त्या चवीचा. मुंबईच्या एका बाईने विचारलं, "ओरेगॅनो नाही?"

वसंता कुंपणापाशी गेला, पोपटीच्या मडक्यात घालतात त्या भांबुर्डीच्या रानपाल्याची डहाळी तोडून आणली आणि निखाऱ्यावर टाकली. "आधी वास घ्या."

बाई डोळे मिटून बसल्या. ओरेगॅनो गेला कुठल्या कुठे!

*

एका फार्महाऊसवाल्या साहेबाने उष्णता मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र आणलं. वसंताने चिमूटभर पीठ भट्टीत टाकलं, त्याचा रंग बघितला आणि आकडा सांगितला. यंत्रावर तोच आकडा!

साहेब यंत्र ठोकत म्हणाले, "याचे सेल गेले असतील."

*

तर दळण गिरणीतच टाकून मी थेट वसंताच्या अंगणात. बघते तर भट्टीच्या तोंडाशी लांब फावडं घेऊन मीना, घामाघूम. आणि वसंता भट्टीकडे पाठ करून खुर्चीत. डोळ्यांवर काळा चष्मा.



"काय रं वसंता, बंद करतोस म्हणं?"

"मी बंद झालो, वैनी. एका डोळ्यानं दिसत नाय. दुसरा राखायचा तर इस्तवाकडं बघायचं नाय, असं डॉक्टर म्हणतो."

"मग भट्टी रं?"

त्याने हात वर करून मला गप्प केलं. मान जराशी उचलली.

"मीना, मागचा फिरव गं. डावी कड करपाया लागली."

मला तर कसलाच वास येत नव्हता. मीनाने फावडं आत घातलं आणि मागचा पिझ्झा उजेडात आणला.

डाव्या कडेला एक काळा ठिपका. तिळाएवढा.